संख्याओळखीचा लाकडी संच : आठ महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

माझी मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा तिला एकपासून वीसपर्यंतचे अंक घडाघडा म्हणता येत होते आणि घरात सर्वांना त्याचे कौतुक होते. एके दिवशी बटणांचा डबा तिच्यापुढे ठेवून मी सहज म्हटले, ‘‘यातली पाच बटणे मला दे.’’ तिने मूठ भरून बटणे उचलली आणि माझ्या हातावर ठेवली. मोजून बघ म्हटल्यावर ती तालासुरात मोजू लागली, पण बोट एकाच बटणावर असताना तोंडातून दोन अंक निघून जात होते; आणि मोजून झाल्यावर ‘‘मग किती झाली?’’ असे विचारले की उत्तर देण्याऐवजी ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागे. अंक म्हणता येणे आणि संख्या कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वाचून ठाऊक होते, पण ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर थोडी चौकशी करून मी लाकडी संख्यासाहित्याचा एक संच मागवला. गेले आठ महिने तो आमच्याकडे जवळजवळ रोज वापरात आहे, आणि सुट्टीत माझा तीन वर्षांचा भाचा आला तेव्हा त्यानेही तो हाताळला. लहान मुलांना हाताने खेळत, स्पर्शातून संख्या शिकवण्यासाठी असा संच घ्यावा की नाही, घेतला तर त्यातले काय वापरावे आणि काय बाजूला ठेवावे, हे या अनुभवावरून सांगता येईल असे वाटते.

संचात एकूण सात गोष्टी आहेत : लाल-निळ्या पट्ट्यांचे दहा दांडे, शून्य ते नऊ हे खरखरीत अंक चिकटवलेल्या दहा लहान फळ्या, कप्प्यांची एक पेटी व तिच्यातल्या लाकडी काड्या, अंकपट्ट्या आणि पंचावन्न गोल चकत्या, वाळूचा ट्रे, एकक-दशक-शतक-सहस्र दाखवणारे मणी, आणि भर म्हणून दिलेली अंक बसवण्याची एक गोल फळी. शेवटची गोष्ट सोडली तर रचना सरळ मारिया माँटेसरी यांच्या साहित्यावरून घेतलेली आहे. रोममध्ये १९०७ साली सुरू झालेल्या त्यांच्या पहिल्या बालगृहापासून हे साहित्य घडत गेले, आणि त्याची मुळे त्याही आधीच्या एदुआर सेगँ या फ्रेंच वैद्याच्या कामात आहेत. त्यामुळे कल्पनेच्या बाबतीत निर्मात्याला श्रेय देण्याचे किंवा त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याने ती लाकडात किती इमानाने उतरवली आहे, एवढेच पाहायचे.

संचातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे ते दहा दांडे. पहिला दांडा एका पट्टीएवढा, दुसरा दोन पट्ट्यांएवढा, असे करत दहावा दहा पट्ट्यांचा, आणि प्रत्येक दांड्यावर लाल व निळी पट्टी आलटून पालटून रंगवलेली असते. वरवर पाहता यात विशेष काही नाही. परंतु सुटी पाच बटणे आणि पाचचा दांडा यांत मुलाच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. सुट्या बटणांत ‘पाच’ कुठेच दिसत नाही. ते मोजणाऱ्याला मनात गोळा करावे लागते, आणि नेमके तेच चार वर्षांच्या मुलाला जमत नसते. दांडा मात्र उचलला की अख्खा पाच एकदम हातात येतो. त्याच्या पट्ट्या मोजता येतात, पण तो तुटत नाही, सांडत नाही. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्यामागची जी तत्त्वे मांडली, त्यांतले एक असे की मोजताना शेवटी उच्चारलेला अंक हा त्या शेवटच्या वस्तूचे नाव नसून सगळ्या वस्तूंची मिळून संख्या असतो. आपल्याला हे इतके उघड वाटते की ते शिकावे लागते याचाच विसर पडतो. माझ्या मुलीने पाचव्या पट्टीवर बोट टेकवून ‘‘पाच’’ म्हटले आणि मग तोच हात दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत ‘‘हा पाच’’ असे पुन्हा म्हटले. ही दुसरी हालचाल तिला कोणी शिकवली नव्हती.

मूळ साहित्यात सर्वांत लहान दांडा १० सेंटिमीटरचा आणि सर्वांत मोठा एक मीटरचा असतो. आमच्या संचात हे माप निम्मे केले आहे, म्हणजे दहाचा दांडा अर्ध्या मीटरचा. घरात जागा कमी असते, पाठवायला सोपे जाते, ही कारणे समजण्यासारखी आहेत. तरीही यात काहीतरी हरवते असे माझे ठाम मत आहे. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण एक मीटर असते आणि पसरलेल्या हातांचा विस्तारही जवळपास तेवढाच. मीटरभर लांबीचा दांडा उचलायचा तर त्याला दोन्ही हात पूर्ण पसरावे लागतात, दाराच्या चौकटीतून जाताना तिरके व्हावे लागते आणि दहा म्हणजे किती मोठे हे त्याच्या खांद्यांना कळते. अर्ध्या मीटरचा दांडा काखेत मारून नेता येतो. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी पूर्ण मापाचेच दांडे शोधावेत.

दांड्यांच्या बाबतीत मापापेक्षाही गंभीर दोष निघाला, आणि तो माझ्या लक्षात आलाच नव्हता. तिसऱ्या महिन्यात मुलगी दांड्यांचे दहा जुळवत होती : नऊच्या टोकाला एक जोडला की दहा, आठला दोन, सातला तीन, सहाला चार, आणि पाच एकटा उरतो, तो दोनदा मापला की पुन्हा दहा. दहाचा दांडा शेजारी ठेवून ती प्रत्येक जोडीच्या टोकावरून तळहात फिरवून पाहत असे. सात आणि तीनच्या जोडीपाशी तिचा हात थांबला. तिने दोन्ही दांडे पुन्हा घट्ट सरकवले, पुन्हा हात फिरवला आणि म्हणाली, ‘‘आई, हे दहा झालेच नाहीत.’’ मला वाटले, तिने सातऐवजी सहाचा दांडा घेतला असावा. पट्ट्या मोजल्या तर सातच होत्या. मग मोजपट्टी लावली तेव्हा सातचा दांडा ३ मिलिमीटर आखूड निघाला. मोठ्या माणसाच्या नजरेला न दिसणारी ती फट तिच्या तळहाताला लागली होती. या साहित्याचा सगळा जीव यातच आहे की चूक झाली तर ती वस्तूनेच दाखवावी, मोठ्यांना ‘‘चुकलं’’ म्हणावे लागू नये. वस्तूच चुकीची असेल, तर बरोबर जुळवणाऱ्या मुलाला ती चूक ठरवते. विक्रेत्याला छायाचित्र पाठवल्यावर दांडा बदलून मिळाला, पण त्यासाठी पाच आठवडे आणि चार पत्रे लागली, आणि पहिल्या उत्तरात तर ‘‘लाकडाच्या वस्तूत एवढा फरक चालतो’’ असे लिहिले होते. शोभेच्या वस्तूत चालत असेल. मापाच्या वस्तूत चालत नाही. संच हाती आल्यावर मुलाला देण्याआधी सगळ्या जोड्या दहाच्या दांड्याला लावून पाहाव्यात, ही माझी पहिली सूचना आहे.

कप्प्यांच्या पेटीबद्दल मात्र तक्रार करायला जागा नाही. शून्य ते नऊ असे दहा कप्पे, आणि पंचेचाळीस काड्या. एक ते नऊ यांची बेरीज बरोबर पंचेचाळीस होते, त्यामुळे प्रत्येक कप्प्यात नेमक्या काड्या पडल्या तर शेवटी हातात एकही उरत नाही आणि कमीही पडत नाही. पहिल्या काही दिवसांत आमच्याकडे नवाच्या कप्प्यापर्यंत पोहोचेतो नेहमी आठच काड्या उरत. मुलगी थोडा वेळ टोपलीकडे बघे, टोपली उलटी करी, मांडीखाली शोधे. एकदा ती स्वतःच मागे वळली, एकेका कप्प्यातल्या काड्या मुठीत घेऊन मोजू लागली आणि पाचाच्या कप्प्यात सहावी सापडल्यावर ती नवात नेऊन टाकली. मी बाजूला बसून होते आणि माझे ओठ मी कष्टाने मिटून ठेवले होते. पालकांसाठी या पेटीतला अवघड भाग हाच आहे. काड्या मुठीत मावतील अशा जाडीच्या आहेत, आणि ते महत्त्वाचे आहे, कारण दोन काड्यांची मूठ आणि आठ काड्यांची मूठ यांतला फरक बोटांना जाणवला पाहिजे. सोबत दिलेल्या रबरांनी प्रत्येक कप्प्याची जुडी बांधली की दांड्यासारखीच अखंड संख्या पुन्हा हाती येते.

याच पेटीने शून्य शिकवले. रिकाम्या कप्प्यापाशी पहिल्यांदा तिने हट्टाने एक काडी ठेवली, कारण कप्पा आहे तर त्यात काहीतरी हवेच असे तिचे म्हणणे होते. मग मी तिला ‘‘तीन टाळ्या वाजव, एक टाळी वाजव, शून्य टाळ्या वाजव’’ असा खेळ दिला. शून्य टाळ्यांच्या वेळी ती हात हवेत धरून, श्वास रोखून उभी राहिली आणि मग हसत सुटली. दुसऱ्या दिवशी तिने तो कप्पा रिकामा ठेवला. कागदावर गोल काढून ‘‘याला शून्य म्हणतात’’ असे शंभरदा सांगून हे झाले नसते.

खरखरीत अंकांच्या फळ्यांविषयी माझे मत संमिश्र आहे. तर्जनी आणि मधले बोट जोडून अंक ज्या दिशेने लिहायचा त्याच दिशेने त्यावरून फिरवायचे, म्हणजे पेन्सिल धरता येण्याच्या आधीच हाताला वळण बसते, ही कल्पना उत्तम आहे आणि ती लागू पडते. संचात देवनागरी अंक आहेत याचाही मला आनंद झाला, कारण बाजारातल्या बहुतेक संचांत ते नसतात. परंतु ज्याने ते कापले त्याने देवनागरी लिहिणाऱ्या मुलाचा विचार केलेला दिसत नाही. आपले ३ आणि ६ हे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे वाटतात, १ आणि ९ यांतही मुले हमखास गोंधळतात. अशा वेळी कोठून सुरुवात करायची हे दाखवणारी एखादी खूण, आणि फळी कोणत्या बाजूने धरायची हे कळण्यासाठी खालच्या कडेला एक रेघ असणे अत्यावश्यक होते. दोन्ही नाही. मी रंगीत दोऱ्याचा तुकडा खालच्या कडेला चिकटवला आणि सुरुवातीच्या जागी ठिपका केला, तेव्हा काम चालू झाले. अंकांचा खरखरीत कागदही गरजेपेक्षा जाड कणांचा आहे. भाच्याने दोन अंक गिरवले आणि बोटे पाठीमागे लपवली. स्पर्श सुखाचा नसेल तर मूल तो पुन्हा मागत नाही, आणि पुन्हा मागितल्याशिवाय हे साहित्य कामच करत नाही.

याहून मोठी चूक सोबतच्या पुस्तिकेत आहे. तिच्यात सुरुवात या अंकांपासून करायला सांगितले आहे आणि दांडे नंतर ठेवले आहेत. क्रम नेमका उलटा हवा. आधी दांड्यांतून राशी, म्हणजे ‘किती’ हे, हाताला कळावी, त्यानंतर वेगळ्या वेळी अंकाची आकृती ओळखीची व्हावी, आणि मग या दोहोंची गाठ घालून द्यावी. तरच ‘५’ ही आकृती कशाची तरी खूण होते. तीन टप्प्यांच्या पाठाचाही पुस्तिकेत उल्लेख नाही, वास्तविक तो सेगँपासून चालत आलेला आणि अगदी साधा आहे. प्रथम ‘‘हे दोन, हे तीन’’ असे सांगायचे, मग बराच वेळ ‘‘तीन दाखव, दोन मला आणून दे, तीन खिडकीपाशी ठेव’’ असे खेळायचे, आणि सर्वांत शेवटी ‘‘हे किती?’’ असे विचारायचे. बहुतेक मोठी माणसे मधला टप्पा गाळून थेट प्रश्नावर येतात आणि मूल गप्प बसते.

वाळूच्या ट्रेकडून माझ्या अपेक्षा फार होत्या, कारण स्पर्शातून शिक्षण म्हटले की हल्ली ट्रेचेच चित्र डोळ्यांपुढे येते. ट्रे सुबक आहे, पण खोल आहे आणि त्याचा तळ वाळूसारख्याच गडद रंगाच्या लाकडाचा आहे. पातळ थर आणि वाळूपेक्षा वेगळ्या रंगाचा तळ असेल तरच बोटाची रेघ उठून दिसते. म्हणून मी तळाला पिवळा कागद घातला आणि जेमतेम बोटाच्या पेराएवढा थर ठेवला. त्यानंतर त्याचा एक गुण ध्यानात आला. वाळूत काढलेला अंक चुकला तर ट्रे हलवताच तो मागमूस न ठेवता जातो. कागदावरच्या खोडाखोडीला घाबरणारी माझी मुलगी वाळूत एका बैठकीत वीस वेळा ४ काढते. न सांडणारी, चिकटून राहणारी जी तयार वाळू मिळते ती या कामाला बरी नाही. ती बहुतांश वाळूच असते, पण तिच्यात सिलिकॉन तेलाचा अंश मिसळलेला असल्यामुळे तिच्यावरची रेघ नुसत्या हलवण्याने पुसत नाही. मात्र ट्रेमुळे संख्या कळते अशा भ्रमात कोणी राहू नये. वाळूत सुंदर ७ काढणारे मूल सात काड्या देईलच असे नाही. हात वाळूत, रंगात, फेसात घातला म्हणजे गणित झाले असे नसून हाताला राशीचा स्पर्श झाला पाहिजे, आणि म्हणून वेळ कमी असेल तेव्हा मी ट्रे न काढता दांडे काढते.

चकत्या आणि अंकपट्ट्या हा भाग चांगला आहे, पण धोक्याचाही आहे. एक ते दहा मिळून पंचावन्न चकत्या लागतात, त्या अंकाखाली दोन-दोनच्या जोडीने मांडायच्या आणि एखादी उरली तर ती खाली मध्यभागी ठेवायची. जोड्यांच्या मधून बोट खाली नेले की सम संख्येत ते आरपार जाते, विषम संख्येत उरलेल्या चकतीवर अडते. सम-विषम शिकवण्याची यापेक्षा स्वच्छ रीत मला ठाऊक नाही. परंतु या चकत्यांचा व्यास २० मिलिमीटर आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतले सुटे भाग तपासण्यासाठी जी नळी वापरतात तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो, आणि तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकण्याच्या दृष्टीने धोकादायक धरली जाते. एककाचे सुटे मणी तर याहूनही लहान आहेत. खोक्यावर वयाची सूचना पाठीमागे, बारीक अक्षरांत आहे. ती समोर हवी होती. विषय निघालाच आहे तर सांगते : पाण्यात टाकल्यावर फुगणारे जेलचे मणी मोजायला देण्याची कल्पना कोणी सुचवली तर कृपा करून ती मानू नका. ते गिळले गेले तर आतड्यात फुगून मार्ग अडवतात, आणि क्ष-किरण चित्रात ते सहसा दिसतही नाहीत.

चकत्या अगदी साध्या, एकाच रंगाच्या आहेत, आणि हे मी गुणाच्या बाजूला लिहिते. याआधी आमच्याकडे मोजण्यासाठी म्हणून चिमुकल्या रंगीत प्राण्यांचा एक डबा आणला होता. त्यातल्या हत्तीने सिंहाला आंघोळ घातली, ससे लपले आणि मोजणे कधीच झाले नाही. ज्युडी डिलोच या मानसशास्त्रज्ञांनी खोलीच्या छोट्या प्रतिकृतीवर केलेले प्रयोग या संदर्भात आठवतात. प्रतिकृतीत लपवलेली वस्तू पाहून खऱ्या खोलीत तीच जागा शोधणे तीन वर्षांच्या मुलांना जमत होते. पण त्यांना ती प्रतिकृती आधी मनसोक्त खेळायला दिली की ते जमेनासे होई. वस्तू स्वतःच फार मोहक झाली की ती दुसऱ्या कशाची खूण आहे हे मुलाच्या मनातून निसटते.

भर म्हणून दिलेल्या गोल फळीबद्दल थोडक्यात सांगायचे तर ती न देता दांडे नीट कापले असते तर बरे झाले असते. रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमणी या मानसशास्त्रज्ञांनी अंकांच्या घरांवर सोंगटी पुढे नेण्याचे खेळ लहान मुलांना देऊन पाहिले तेव्हा घरे सरळ रेषेत मांडलेल्या पटाने मुलांची संख्यांची समज सुधारली, गोलाकार पटाने तसा लाभ झाला नाही. गोलात दहा पुन्हा एकच्या शेजारी येऊन बसतो. दांड्यांत तो एकपासून सर्वांत दूर असतो, आणि तसाच तो असायला हवा.

मण्यांचा भाग संचातला सर्वांत महागडा दिसतो आणि सर्वांत अर्धवट आहे. दशकाच्या पट्ट्या खऱ्या मण्यांच्या आहेत, तारेची टोके नीट वळवलेली आहेत. शतक मात्र पातळ लाकडी चौकोन आहे, ज्यावर शंभर ठिपके छापले आहेत, आणि सहस्र म्हणजे आतून पोकळ घन. खऱ्या साहित्यात दहा शतके एकावर एक रचली की त्यांची उंची सहस्राच्या घनाएवढी होते. हे पाहताना मुलांचे डोळे विस्फारतात असे मी ऐकले होते. आमच्याकडे दहा चौकोन रचले तर ते घनाच्या निम्म्यापर्यंतच पोहोचले. मुलीने आणखी चौकोन मागितले. संचात नव्हते, आणि असते तरी वीस शतकांचे एक सहस्र असा खोटा हिशेब तिच्या हाताने शिकला असता. वजनाचेही तेच. खऱ्या मण्यांचा घन दोन हातांनी उचलावा लागतो, हा पोकळ घन दोन बोटांत येतो. मी शतक आणि सहस्र कपाटात ठेवून दिले आहेत आणि ते वेगळे मागवणार आहे.

दशकाच्या पट्ट्या मात्र रोज बाहेर निघतात. आपल्या संख्यानामांत एकक आधी आणि दशक मागून येते, पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो, आणि एकोणवीस, एकोणतीस ही नावे तर पुढच्या दशकातून एक वजा करून तयार झालेली. ऐकून शिकणाऱ्या मुलाला यात काही तर्क सापडत नाही. गेल्या आठवड्यात मुलीने दोन पट्ट्या आणि नऊ सुटे मणी मांडले, ‘‘एकोणतीस’’ म्हणाली आणि मग विचारले, ‘‘आई, पट्ट्या दोनच आहेत, मग नावात तीस कसा आला?’’ मी सुटे मणी बाजूला सारून तिसरी पट्टी ठेवली आणि तिचा शेवटचा मणी अंगठ्याने झाकला. ती बराच वेळ माझ्या अंगठ्याकडे पाहत राहिली. मग तिने माझा हात उचलून बाजूला केला, ‘‘तीस’’ म्हणाली, स्वतःचा अंगठा त्या मण्यावर ठेवला आणि म्हणाली, ‘‘एकोणतीस.’’ पुढचा अर्धा तास ती एकेक पट्टी वाढवत एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ करत गेली. संचात नऊच पट्ट्या आहेत, त्यामुळे एकोणनव्वदवर थांबावे लागले.